सहा गाठींची चुंगडी

सरांनी दगड चाटला की मी समोरच्या माणसाचा चेहरा पाहायचो. सरांकडे पाहण्यात मला काही नवीन उरलं नव्हतं. शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला, पुढे त्याच शाळेत मी मराठी शिकवायला लागलो तेव्हा शेजारच्या टेबलावर तेच होते, आणि दोन्ही काळांत त्यांच्या खिशात दगड होताच. तो हातात घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, मग जिभेच्या टोकानं त्यावर एक ओला ठिपका उठवायचा. ओल्या दगडाचा खरा रंग दिसतो, हे त्याचं साधं कारण. पण ते फक्त विचारणाऱ्यालाच सांगत, आणि विचारायची छाती फार थोड्यांची. बाकीच्यांनी आपापली कारणं ठरवून टाकली होती. कोणी म्हणे पोटात जंत आहेत, कोणी म्हणे मंत्र घेतला आहे. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी तर मुख्याध्यापकांना हळूच विचारलं होतं, की यांचा पगार वेळेवर होतो ना.

ज्वालामुखीचा धडा ते पेजेवर शिकवत. घरून स्टोव्ह आणि तांदळाच्या पेजेचं गंज घेऊन यायचे, वर्गात ती रटरट उकळवायचे आणि उतरत्या फरशीवर ओतायचे. पहिला थर पसरून त्यावर साय धरली की दुसरा, मग तिसरा. "असा आला," म्हणायचे, "डोंगर फोडून नाही, जमिनीच्या भेगांतून आला. महाराष्ट्र असा थरावर थर बनला. या बुडबुड्याची जागा पाहा, दगडात असंच भोक राहते." तास संपला की गंजात उरलेली पेज मीठ घालून आम्हीच प्यायचो. लाव्हा प्यायलेली महाराष्ट्रातली ती एकमेव शाळा असावी. शेवटी ते फळ्याकडे तोंड करून, जरा खालच्या आवाजात सांगायचे, "आपल्या गोंदियापर्यंत मात्र तो पोचला नाही. आपला दगड त्याच्याहून लय जुना आहे."

एवढं सगळं शिकवणाऱ्या माणसानं लाव्ह्याचा प्रदेश नागपूरच्या पलीकडे पाहिलेलाच नव्हता, हे मला त्यांच्या निवृत्तीनंतर कळलं. आधी बहिणींची लग्नं, मग शेती, मग काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, आजारपण. तळी बांधणाऱ्या घराण्यातला माणूस, गावची बोडी, ते लहानसं तळं, सोडून कुठं गेला नाही. जायची वेळ आली तेव्हा डोळ्यांत काचबिंदू निघाला, तोही उशिरा. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जे गेलं ते परत येणार नाही, आणि राहिलेलंही फार दिवस टिकणार नाही. सरांना तेव्हाच नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं. समोरचं नाण्याएवढं जग लख्ख, आजूबाजूला काही नाही.

फुलचूरच्या त्यांच्या घरी मी समाचाराला गेलो होतो. सांत्वनाची दोन-तीन वाक्यं मी तयार करून नेली होती, मराठीचा मास्तर म्हणून चांगली सजवून. त्यांनी पहिल्याच वाक्यात मला थांबवलं आणि विचारलं, "तुझी गाडी समुद्रापर्यंत जाईल का गा?"

माझी जुनी गाडी समुद्रापर्यंत जाईल असं मीही म्हटलं नसतं. पण जाईल म्हणालो.

बेत त्यांचाच होता. कोकणच्या किनाऱ्यापासून सुरुवात करायची आणि घराकडे येत यायचं. वाटेत लाव्ह्याचे सहा दगड उचलायचे, समुद्रापासून नागपूरपर्यंत क्रमानं. सातवा आपल्या बोडीच्या पाळीवरचा, म्हणजे बांधावरचा, लाव्हा न पाहिलेला. हे सातही शाळेला द्यायचे. पोरांनी हातात घ्यावेत, चोळावेत, चाटावेतही. इतकी वर्षं पेजेवर निभावून नेलं याची त्यांना आत कुठेतरी लाज वाटत असावी. आणि एक अट होती. प्रत्येक दगड त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी, तो जिथे जन्मला त्या जागी पाहिलेला असला पाहिजे. म्हणून घाई.

निघताना काकूंनी थेंबांच्या बाटल्या माझ्या हातात दिल्या आणि दिवसातून किती वेळा टाकायचे ते तीनदा घोकून घेतलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या भरोशावर पाठवून राहिली बरं." मी छातीवर हात ठेवला. असे प्रसंग मी फार चांगले वठवतो.

त्या प्रवासाबद्दल मी चारचौघांत पुष्कळ सांगितलं आहे, त्यातलं थोडंफार झालेलंही आहे. किनाऱ्यावर सर गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि दीड तास बाहेर आले नाहीत, हे खरं. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी समुद्र पहिल्यांदा पाहत होते, तोही तुकड्या-तुकड्यानं, मान फिरवत फिरवत. घाटात दोन काळ्या थरांच्या मधे लाल भाजलेल्या मातीचा पट्टा असतो, त्यातला ढेकळासारखा दगड त्यांनी मला चाटायला लावला आणि तो माझ्या जिभेला चिकटून बसला, हेही खरं. लोणारला "हा ज्वालामुखी आहे" म्हणणाऱ्या वाटाड्याला त्यांनी कठड्यावर बसवून तासभर शिकवलं, की बाबा, दगड लाव्ह्याचा आहे पण खड्डा आकाशातून पडलेल्या उल्केचा. त्यानं शेवटी पैसे घेतले नाहीत. जपलेल्या जागेतला एक खडाही सरांनी उचलला नाही. बाहेरच्या ओढ्यातून, शेताच्या बांधावरून, धनी असेल तर विचारून घ्यायचे. रात्री लॉजच्या बादलीत दगड घासून धुवायचे. चौथ्या दिवशी मला समजलं की ते माझ्या ब्रशनं घासतात.

चिठ्ठ्या लिहून उपयोग नव्हता, पुढे त्या वाचता येणार नव्हत्या. म्हणून प्रत्येक दगडाला सुतळी. समुद्राच्या दगडाला एक गाठ, घाटातल्या लाल दगडाला दोन, नाणेघाटाच्या तीन, वेरूळच्या अलीकडच्या ओढ्यातल्या, पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या दगडाला चार, लोणारच्या पाच. शेवटच्या दिवशी सकाळी नागपुरात त्यांनी सहा गाठी मारल्या, सगळे दगड एका चुंगडीत, तागाच्या लहान पोत्यात, भरले आणि चुंगडी स्वतःच्या हातानं डिक्कीत ठेवली.

मौदा मागे पडलं आणि गाडीचं मागचं चाक बसलं.

स्टेपनीत हवा नव्हती. ती गेली दोन वर्षं नव्हती. नशिबानं समोरच पंक्चरचं दुकान होतं. नेमकी थेंबांची वेळ झाली होती. मी सरांच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि ते पापण्या मिटून मान मागे टाकून बसले. स्टेपनी काढायला मी डिक्की रिकामी केली. पंक्चरवाला छत्तीसगडकडचा, गप्पिष्ट. त्यानं विचारलं, कहाँ से आ रहे हो. एवढं मला पुरलं. मी त्याला समुद्र सांगितला. समुद्र संपेपर्यंत पंक्चर काढून झालं होतं, म्हणून घाट सांगितला. घाटात मी गाडीचा ब्रेक निकामी करून टाकला आणि सरांना वाचवलं. तो हातातलं काम सोडून ऐकत होता. असा श्रोता मला फार दिवसांत मिळाला नव्हता. बोलता बोलताच मी सामान परत भरलं, आणि पाण्याच्या टाकीमागे ठेवलेली चुंगडी सोडून सगळं भरलं.

तिरोड्याला चहासाठी थांबलो तेव्हा मला ते कळलं. चिवडा काढायला डिक्की उघडली आणि जिथे चुंगडी होती तिथली जागा दिसली.

मागे जायला दीड तास, परत यायला दीड. सर आत बाकावर बसून चहावाल्याच्या कपाखालच्या फरशीला अंगठा घासत होते. आत जाऊन सांगायला हवं होतं. मी ते वाक्य मनात जुळवायलाही लागलो होतो. पण रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं आणि हॉटेलासमोर काळ्या गिट्टीचा, जाड खडीचा, मोठा ढीग पडला होता, आणि डिक्कीत सुतळीचं बंडल होतं. मला वाटलं, बिचाऱ्यांना तसंही काय दिसतं. तासाभरात घरी पोचतील, दगड हातात घेतील, समाधान होईल. मी उद्या गुपचूप मौद्याला जाऊन खरे घेऊन येईन. माझ्या बहुतेक चुका अशा दयाळूपणातून झालेल्या आहेत.

किराणा दुकानातून रिकामी चुंगडी घेतली. ढिगातून पाच काळे दगड निवडले. लाल दगडासाठी नालीच्या कडेला पडलेला विटेचा तुकडा सापडला आणि मला स्वतःच्या कल्पकतेचं कौतुक वाटलं. गाठी मारल्या, एक ते सहा. सहाव्याला जरा गर्दी झाली.

पुढे सरांनी गाडी घराऐवजी आधी त्यांच्या मूळ गावाकडे वळवायला सांगितली. बोडीत पाणी अर्ध्यावर होतं, पाळीवर ऊन होतं. ते पाळीवर मांडी घालून बसले. पणजोबांनी ही बांधली तेव्हा खालचा दगड कुठे वर आला आहे ते बैल कुठे अडखळतो त्यावरून ओळखलं, हे त्यांनी मला आधीही सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं. मग म्हणाले, "आण ते. ओळीनं मांडू. सातवा कुठं बसते ते पाहू."

मी चुंगडी आणली.

एक गाठ चाचपून त्यांनी पहिला दगड उचलला. चाटला. थांबले. पुन्हा चाटला.

"याचं मीठ कुठं गेलं?"

सहा दिवस धुतल्यावर मीठ कसं राहील, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण दगड खाली ठेवला नाही, उजव्या हातात धरूनच दुसरा घेतला. तो जिभेला चिकटला. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांचा अंगठा कडेवरून फिरत गेला आणि एका जागी अडला.

"याले सिमेंट लागून आहे."

तिसऱ्याला डांबर होतं. त्यांनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ, त्या नाण्याएवढ्या उजेडात धरला, कण पाहिले, आणि पाळीवर ठेवला. चौथा, पाचवा, सहावा त्यांनी फक्त हातात तोलले. दगड फेकले नाहीत. ओळीनंच ठेवले.

"हा आपल्याच इकडचा दगड आहे. लाव्ह्याशी याचं काही नातं नाही," ते म्हणाले. मग, "माझे कुठं आहेत?"

मी सांगितलं. पंक्चर, टाकी, तिरोडा, ढीग, सगळं. सांगताना एकदाही मला शब्द सजवावा लागला नाही, तसा धीरच नव्हता. ते बोडीकडे तोंड करून ऐकत होते.

"चुंगडी राहिली ते समजलं," ते म्हणाले. "कोणाचीही राहते. हे कायले बनवलं?"

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"मले दिसत नाही म्हणून?"

उत्तर तेच होतं.

"डॉक्टरनं सांगितलं तवा मले एवढं लागलं नोतं," ते म्हणाले. आवाज चढला नाही. वर्गात चुकीचा नकाशा काढणाऱ्या पोराला सांगावं तसं सांगितलं. मग हाताचा टेकू घेऊन उठले, अंगावरची माती झटकली. "चाल. उजेड आहे तोवर जाऊ."

मौद्याकडे परत दोन तासांची वाट होती. मधे काकूंचा फोन आला. स्पीकरवर त्यांचा आवाज, स्वयंपाक झाला आहे, कुठवर आले. सर म्हणाले, एक काम राहून गेलं होतं, ते करायला वापस जाऊन राहिलो. काकूंनी विचारलं, पोरानं थेंब टाकले का वेळेवर. "टाकले. बराबर टाकले," सर म्हणाले. चूक कोणाची ते सांगून त्यांनी तिथे माझं नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पंक्चरवाल्यानं आम्हाला लांबूनच ओळखलं. चुंगडी टाकीमागे नव्हती. ती त्यानं घडी करून बसायला घेतली होती. दगडांचं विचारल्यावर तो गोंधळला. "वो आपके काम के थे? मेरे को लगा फेंक के गये. अच्छे वजनदार थे, तो चक्के के नीचे लगा दिये."

दुकानासमोर तीन ट्रक उभे होते. चाकं सरकू नयेत म्हणून खाली दगड लावलेले. सुतळ्या त्यानं कापून दुसऱ्या कामाला वापरल्या होत्या. सकाळपासून चार-पाच गाड्या येऊन गेल्या होत्या, आणि एका ड्रायव्हरला दगड आवडले म्हणून तो दोन घेऊन गेला होता. आगे घाट है, काम आयेंगे, असं म्हणाला म्हणे.

मी वाकणार तेवढ्यात सर खाली बसले होते. ऑइलनं काळ्या झालेल्या त्या मातीत, पांढऱ्या पायजम्यावर, गुडघ्यांवर. एका ट्रकच्या चाकापाशी जाऊन त्यांनी हात घातला. पंक्चरवाला घाबरून जॅक घेऊन धावला. ट्रकवाले बिडी ओढत जमले. एकजण हसला आणि मला खुणेनं विचारलं, की म्हातारा जरा तसाच आहे का. एरवी मी या चेहऱ्यांसाठीच सरांसोबत हिंडायचो. तेव्हा मला तिकडे पाहवेना.

पहिला दगड मिळाला तो त्यांनी पायजम्याला पुसला आणि जीभ लावली. "लोणार," म्हणाले. दुसरा, "नाणेघाट." हसणारा ट्रकवाला बिडी टाकून जवळ आला आणि आपल्या ट्रकच्या पुढच्या चाकाखालचा स्वतःच काढून त्यांच्या हातात दिला. तो दगड नागपूरचा निघाला. लाल दगडाचे चाकाखाली दोन तुकडे झाले होते. ते पंक्चरवाल्यानं ट्यूब बुडवायच्या पाण्यात धुतले आणि ओंजळीत धरून आणले. हे चार. मग पुष्कळ वेळ काही मिळालं नाही. मी नाली पाहिली, टायरांचा ढीग उपसला, रस्त्याच्या पलीकडे जाऊन आलो.

समुद्राचा नव्हता. वेरूळचा, पांढऱ्या स्फटिकांचा, तोही नव्हता. ज्या ड्रायव्हरनं नेले त्याची नजर चांगली होती.

सर टायरवर बसले. दोन्ही तळवे काळे झाले होते. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि बोलत सुटलो. पुढच्या सुट्टीत मी एकटा जातो, त्याच किनाऱ्यावर, त्याच जागी, तुम्ही उभे होता तो खडक माझ्या लक्षात आहे. वेरूळचा ओढाही लक्षात आहे. महिन्याभरात दोन्ही दगड आणून देतो.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आणशील तू," ते म्हणाले. "पण ते मी पायलेले नसतील."

आज शाळेच्या भिंतीत एक लांब फळी आहे. तिच्यावर सात जागा आहेत. पाच जागी दगड आहेत, पोरांच्या हातांनी गुळगुळीत व्हायला लागलेले. पहिल्या आणि चौथ्या जागी फक्त सुतळी आहे, एका गाठीची आणि चार गाठींची. खाली पाट्या आहेत. सरांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितल्या आणि मी लिहिल्या. त्या दोन जागांखाली लिहिलं आहे, की हा दगड आणणाऱ्याच्या चुकीनं हरवला. अक्षर माझं आहे. पोरं मला ओळखतात, आणि विचारतात की आणणारा कोण होता. मी सांगतो.

त्या दिवशी मात्र आम्ही चार दगड घेऊन परत निघालो. डिक्कीत नाही, सरांच्या मांडीवर, त्याच चुंगडीत. सातवा दगड घ्यायला पुन्हा बोडीवर जायचं होतं आणि ऊन कललं होतं. तुमसर सुटलं. माडगीजवळ वैनगंगेचा पूल आला तसा चाकांचा आवाज बदलला आणि सरांनी मान वर केली.

"नदी आली का? मले आता या उजेडात दिसत नाही. तू सांग."

मी सुरुवात केली. संथ वाहणारी वैनगंगा, मावळत्या सूर्यानं सोनेरी झालेलं तिचं विशाल पात्र—

"असं नको," ते म्हणाले. "आहे तेवढं सांग."

मी गाडी हळू केली. पाहिलं. मग सांगितलं. पाणी थोडंच आहे, एका कडेनं. बाकी वाळू. नदीत मधे देऊळ आहे. वाळूत दोन बाया चालत आहेत, डोक्यावर काहीतरी आहे. एक माणूस सायकल ढकलून राहिला.

"सायकल कोणत्या रंगाची?"

मी पुन्हा पाहिलं. पूल संपत आला होता.

"नाही दिसली, सर."

त्यांचे हात चुंगडीवर होते.

"हां," ते म्हणाले. "आता पुढचं सांग."